फिरत्या घरातील ऊब आणि शांतता

हिमालयाच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंचीवर वसलेले चंडीगड हे पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांच्या राजधानीचे शहर म्हणून सर्वपरिचित आहे. प्रवाशांच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व निराळे आहे. मैदानी प्रदेश येथे सरतो आणि थोड्याच अंतरावर हिमाचलाची चढण सुरू होते. सिमला, किन्नौर, मनाली, लाहौल, लेह या वाटांची तयारी बहुधा याच शहरात पुरी केली जाते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांग खिंडीखालील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा वाहतुकीस खुला झाला आणि या प्रवासाचे ऋतुमानच बदलले. तोपर्यंत लाहौलचे खोरे हिवाळ्यातील कित्येक महिने बर्फामुळे जगापासून तुटलेले असे. आता हवामान अनुकूल असेल तर भर जानेवारीतही सिस्सू आणि केलाँगपर्यंत गाड्या पोहोचतात. हिमस्खलनाचे इशारेही चंडीगड येथील संरक्षण संशोधन संस्थेकडून प्रसृत होतात. ते पाहिल्याविना पुढे जाऊ नये, हे ओघाने आलेच.

या हिवाळी प्रवाशांत अलीकडे मोटरहोम घेऊन निघणाऱ्यांची भर पडली आहे. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर: झोपण्याची जागा, छोटे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि न्हाणीघर एकाच गाडीत बसविलेले. अशी वाहने बांधणारे कारागीर आणि कारखाने या परिसराला नवे नाहीत. चंडीगडपासून जवळच, अंबाल्याच्या रस्त्यावरील लालडू येथे ‘जेसीबीएल’चा बस, रुग्णवाहिका व खास गरजेची वाहने बांधण्याचा कारखाना आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरण आखले, त्यामुळे मराठी वाचकालाही हा विषय आता परका राहिलेला नाही. कोकणात वा सातपुड्यात मोटरहोम नेणाऱ्याला पंखा पुरतो. केलाँगला, म्हणजे तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर, पत्र्याच्या त्या घरात रात्र काढायची तर ऊब लागते, आणि खरा प्रश्न तेथे सुरू होतो.

पत्र्याची गाडी रात्री ज्या झपाट्याने गार होते ती गती सिमेंटच्या घरात राहणाऱ्याच्या कल्पनेत येत नाही. विजेची शेगडी लावावी, असे प्रथम मनात येते. पण दोन किलोवॉटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायची तर सुमारे १६५ अँपिअर इतका प्रवाह लागेल, आणि शंभर अँपिअर-तासांची बॅटरी तासाभराच्या आतच रिकामी होईल. रात्रभर इंजीन चालू ठेवणे हा खर्चाचा, धुराचा आणि शेजाऱ्यांच्या रोषाचा मार्ग. धूरनळी नसलेली गॅसची शेगडी हवा तापविते खरी, परंतु ज्वलनातून निर्माण होणारी वाफही गाडीतच सोडते. सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळत असते आणि अंथरूण दमट झालेले असते. कोळशाच्या शेगडीविषयी तर बोलायलाच नको. बंद खोलीत अंगीठी पेटती ठेवून निजलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही, अशी बातमी उत्तर भारतातील वर्तमानपत्रांत जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात येते.

पाण्याऐवजी हवेचा बंब

या सर्व अडचणींतून काढलेला मार्ग म्हणजे डिझेलवर चालणारा हवा तापविण्याचा हीटर. थंड देशांतील मालमोटारींचे चालक रात्री गाडीतच झोपत. त्यांच्यासाठी ही यंत्रे विकसित झाली. एस्लिंगेन येथे १८६५ मध्ये स्थापन झालेली एबरश्पेखर आणि १९०१ मध्ये स्थापन झालेली वेबास्टो या दोन जर्मन कंपन्यांची नावे या क्षेत्रात अग्रणी मानली जातात. वेबास्टो हे नाव संस्थापक विल्हेल्म बायर आणि स्टॉकडॉर्फ हे गाव यांच्या आद्याक्षरांपासून बनले आहे. गेल्या दहाएक वर्षांत चिनी बनावटीचे स्वस्त हीटरही सर्वत्र मिळू लागले आहेत. त्यांची रचना मूलतः तीच असते. फरक पडतो तो सुट्या भागांच्या दर्जात आणि बसविण्याच्या साहित्यात.

जुन्या घरातील तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे यंत्र समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. बंबाच्या मधल्या नळीत विस्तव असतो, भोवती पाणी असते. धूर वरून निघून जातो आणि पाण्याला धुराचा स्पर्शही होत नाही. डिझेल हीटर हा असाच एक आडवा निजविलेला छोटा बंब आहे, फक्त पाण्याच्या जागी हवा आहे. आतल्या कक्षात डिझेल जळते. त्यासाठी लागणारी हवा एका नळीने गाडीच्या खालून ओढली जाते आणि धूर दुसऱ्या नळीने खालीच बाहेर पडतो. कक्षाभोवतीच्या अॅल्युमिनियमच्या पंखांवरून गाडीतील हवा पंख्याने फिरविली जाते. ती तापून परत गाडीत येते. दोन्ही हवांचे मार्ग पूर्णपणे वेगळे असतात, आणि ते वेगळे राहणे यावरच प्रवाशांचा जीव अवलंबून असतो.

आकाराच्या मानाने हे यंत्र फारच काटकसरी आहे. दोन किलोवॉटचा हीटर पूर्ण क्षमतेने चालला तरी तासाला सुमारे ०.२४ लिटर डिझेल जाळतो, मंद चालला तर त्याच्या निम्मे. म्हणजे आठ तासांच्या रात्रीला साधारण एक ते दोन लिटर. पेटताना आतील ग्लो प्लग तापविण्यास काही मिनिटे शंभर वॉटच्या आसपास वीज लागते. पुढे पंखा आणि पंप मिळून पंधरा ते तीस वॉटमध्ये काम भागते. एवढी वीज साधी बॅटरीही रात्रभर निमूटपणे पुरविते. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते. हीटर बंद करताना त्याची वीज एकाएकी तोडायची नाही. कळ दाबल्यावर यंत्र स्वतःला थंड करण्यासाठी काही मिनिटे पंखा चालवीत राहते. ते मध्येच थांबविले तर आत कोंडलेली उष्णता भागांची हानी करते.

टिकटिक कोठून येते?

समजा, पुण्याहून निघालेल्या एका निवृत्त दांपत्याने चंडीगडमध्ये आपल्या गाडीत असा हीटर बसवून घेतला आणि मनालीच्या पुढे पहिला मुक्काम केला. ऊब उत्तम मिळते. पण दिवे मालवल्यावर पलंगाखालून टक्-टक्-टक् असा अखंड ठेका ऐकू येतो, बाहेर कोणी शिट्टी वाजवावी तसा धूरनळीचा सूर लागतो, आणि पंख्याची घरघर मधूनच वाढते, मधूनच ओसरते. मध्यरात्री वैतागून हीटर बंद केला जातो आणि पहाटे तीन वाजता दोघेही कुडकुडत जागे असतात. गोंगाट ही केवळ गैरसोय नव्हे, ती अशी ऊबच हिरावून घेते. शेजारच्या गाडीत वा घरात झोपलेल्यांचाही विचार आहेच. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

चंडीगडची आखणी करताना ल कॉर्बुझिए यांनी रस्त्यांचे सात प्रकार ठरविले. वेगवान वाहतूक सेक्टरच्या कडेने जावी आणि दारापर्यंत संथ वाहनेच यावीत, ही त्यामागची योजना. आवाज दाबण्यासाठी भिंती बांधण्यापेक्षा तो उगमाजवळच वेगळा काढणे सोपे, हे तत्त्व त्यात आहे. हीटर शांत करताना हेच तत्त्व उपयोगी पडते. सरसकट फोम भरून काही साधत नाही. प्रत्येक आवाजाचा उगम आणि त्याची वाट शोधावी लागते.

सर्वांत त्रासदायक असतो तो टिकटिक करणारा इंधनाचा पंप. हा पंप सतत फिरत नाही. एकेका ठोक्यात साधारण ०.०२ मिलिलिटर डिझेल पुढे ढकलतो. तासाला ०.२४ लिटर या हिशेबाने सेकंदाला सुमारे तीन ठोके पडतात. ठोका तसा क्षीण असतो. पण पंप थेट चॅसीला किंवा गाडीच्या तळाला पक्का आवळला, की तोच ठोका सगळ्या गाडीभर घुमतो. तंबोऱ्याची तार नुसती ताणून छेडली तर फारशी ऐकू येत नाही, भोपळ्याला जोडली की दालन भरून जाते, तसाच हा प्रकार आहे. येथे गाडीचा तळ भोपळ्याचे काम करतो. म्हणून पंप रबरी कड्यात किंवा रबरी पट्टीने लोंबता ठेवावा, त्याच्या अंगाचा पत्र्याला कोठेही स्पर्श होऊ देऊ नये, आणि शक्य तेथे पलंगापासून दूर, टाकीच्या बाजूला बसवावा. इंधननळीही पत्र्याला घासत नेली तर ठोका तिच्यावाटे पुन्हा आत शिरतो. तिच्या पकडींनाही रबर हवे. पंप आडवा न ठेवता त्याचे बाहेर जाणारे तोंड वरच्या बाजूस येईल असा तिरपा ठेवतात, कारण आडव्या पंपात हवेचे बुडबुडे अडकतात. बुडबुडा अडकला की ठोक्याचा आवाज वाढतो आणि ज्योतही अडखळते. तिरपेपणा किती असावा हे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते.

नळीविषयी एक गैरसमज वारंवार आढळतो. मऊ, रुंद रबरी नळी लावली तर आवाज कमी होईल असे वाटते. प्रत्यक्षात अशी नळी प्रत्येक ठोक्याला फुगते, इंधनाचे माप बिघडते आणि तिच्यात बुडबुडे साचतात. नळी बारीक छिद्राची आणि कडक नायलॉनचीच हवी. जोडाच्या ठिकाणी तेवढा रबराचा तुकडा घालावा आणि त्याच्या आत नायलॉनची दोन्ही टोके एकमेकांना भिडलेली असावीत.

दुसरा आवाज ज्वलनाच्या हवेचा. हवा ओढणाऱ्या नळीला छोटा सायलेन्सर लावल्याने तिची फुसफुस बरीच निवते. धूरनळीला पोलादी सायलेन्सर लावला की बाहेरची शिट्टी मंद गुणगुणण्यावर येते. स्वस्त संचात हे सायलेन्सर नसतात किंवा नावापुरते असतात. थोडा खर्च येथे करणे शहाणपणाचे. धूरनळीच्या सायलेन्सरला पाणी निचरण्यासाठी बारीक छिद्र असते, ते खालच्या बाजूसच यावे. डिझेल जळताना लिटरमागे जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. थंडीत त्यातले काही नळीतच साचते आणि निचरा नसेल तर गोठून वाट अडविते. या छिद्रातून थोडा धूरही झिरपतो. म्हणून सायलेन्सर दाराखाली, खिडकीखाली वा तळातील फटीखाली बसवू नये. धूरनळीचे तोंड गाडीच्या कडेबाहेर न्यावे आणि हवा ओढणाऱ्या नळीपासून लांब ठेवावे, नाहीतर यंत्र स्वतःचाच धूर पुन्हा ओढू लागते.

तिसरा आवाज आतल्या पंख्याचा. येथे दोष पंख्याचा कमी आणि बसविणाऱ्याचा अधिक असतो. गाडीचा तळ पन्हाळीदार असतो. अशा वरखाली पृष्ठभागावर हीटर आवळला की त्याचे कवच किंचित पिळले जाते आणि पंख्याचे पाते आतून घासू लागते. प्रथम जाड, सपाट पोलादी पट्टी बसवून तिच्यावर हीटर ठेवला तर हा दोष संभवत नाही. त्याच्या तळाशी दिलेले बूचही नीट दबलेले हवे, कारण खालचा धूर वर येण्याची सर्वांत जवळची वाट तीच असते. गरम हवेची नळी अरुंद किंवा काटकोनात वळविलेली असेल तर हवा शीळ घालते. तिला मोठी, सावकाश वळणे द्यावीत. थंड हवा आत घेणाऱ्या बाजूस आतून फोम लावलेली लाकडी पेटी केली, की पंख्याची घरघर तिच्यातच विरते. मात्र पेटीचे तोंड भरपूर मोठे ठेवावे. हवा कमी मिळाली तर हीटर तापून स्वतःच बंद पडतो.

जी शांतता धोक्याची असते

आवाज कमी करण्याच्या नादात काही जण धूरनळीत जाळी ठोसतात, तिचे तोंड चेपतात, लांबच लांब वळणे देऊन तिला पलीकडच्या बाजूस नेतात, किंवा तळाखाली हीटरभोवती खोकेच बांधतात. अशाने यंत्र शांत होते हे खरे. पण ज्योतीला पुरेशी हवा मिळत नाही, डिझेल अर्धवट जळते, आत काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड या वायूचे प्रमाण वाढते. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडतो. झोपलेल्या माणसाला डोकेदुखी किंवा मळमळ जाणवण्यापूर्वीच ग्लानी येते. उंचीवर मुळातच प्राणवायू कमी मिळत असल्याने तेथे हा धोका दुणावतो, आणि ‘विरळ हवेमुळे डोके दुखत असेल’ अशी समजूत करून घेऊन माणूस सावध होण्याची संधी घालवितो.

लडाखमधील लष्करी छावण्यांत बुखारीमुळे हाच प्रश्न उभा राहतो. दिल्लीच्या संरक्षण शरीरक्रियाविज्ञान संस्थेने जवानांसाठी ‘हिमतापक’ ही सुधारित बुखारी विकसित केली, तेव्हा कार्बन मोनॉक्साइडने होणारे मृत्यू टाळणे हा तिचा प्रमुख उद्देश सांगण्यात आला. जे छावणीला लागू तेच चाकांवरच्या घराला. हीटर कितीही उत्तम असो, गाडीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा झोपण्याच्या जागेजवळ असलीच पाहिजे. तिची किंमत एका मुक्कामाच्या भाड्याहून फारशी अधिक नसते. सायलेन्सर कोणता, नळी किती लांब आणि किती वळणांची, याचे उत्तर बाजारातील सल्ल्यावर न सोडता निर्मात्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावे.

उंचीचा आणखी एक परिणाम आहे, आणि चंडीगडमध्ये हीटर बसवून घेणाऱ्याला तो हमखास चकवितो. ३२० मीटरवरील कार्यशाळेत यंत्र उत्तम चालते, धूर दिसत नाही, सगळे समाधान पावतात. लेहजवळ, साडेतीन हजार मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशापर्यंत उतरलेला असतो. पंप मात्र पूर्वीइतकेच डिझेल सोडीत राहतो. हवा कमी, इंधन तेवढेच. परिणाम पुन्हा काजळी. चांगल्या हीटरमध्ये उंची ओळखून इंधन कमी करणारी योजना असते किंवा वेगळी घेऊन बसविता येते. दीड हजार मीटरच्या वर दीर्घ मुक्काम करायचा असेल तर ती घेणे इष्ट. शिवाय आवाज नको म्हणून रात्रंदिवस अगदी मंद ज्योतीवर चालविलेल्या हीटरमध्येही काजळी धरते. अधूनमधून, शक्यतो दिवसा, वीस-तीस मिनिटे तो पूर्ण क्षमतेने चालवून घ्यावा.

मैदानात भरलेले साधे डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखे गोठू लागते, तेव्हा बारीक नळीचा हीटर इंजिनाच्याही आधी उपाशी पडतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल पुरविण्यास प्रारंभ केला. ते चंडीगडहून दिल्लीच्या वाटेवर लागणाऱ्या पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार झाले. हीटरसाठी इंधन गाडीच्या टाकीतून घ्यायचे तर त्यासाठी स्वतंत्र नळी टाकीत सोडावी आणि तिचे टोक तळापासून वर ठेवावे, म्हणजे हीटरने कितीही इंधन प्याले तरी पुढच्या पंपापर्यंत जाण्याइतके शिल्लक राहते. आधुनिक इंजिनाच्या इंधनवाहिनीला मध्येच फाटा फोडणे सर्वथा टाळावे.

गाडी कर्जाऊ घेतलेली असेल तर एक गोष्ट ग्राहकांनी ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. साध्या व्हॅनचे मोटरहोममध्ये रूपांतर करण्यापूर्वी परिवहन कार्यालय, कर्ज देणारी शाखा आणि विमा कंपनी या तिघांनाही कळवून लेखी उत्तर घ्यावे. हीटर बसविल्याचे विमा कंपनीला कळविले नाही आणि पुढे आगीची दुर्घटना घडली, तर दाव्याच्या वेळी निरुत्तर व्हावे लागते. बसवून देणाऱ्याचे पक्के बिल आणि हीटरचा क्रमांक गाडीच्या कागदपत्रांत ठेवणे त्यामुळे हिताचे.

प्रवासाहून परतल्यावर चंडीगडच्या उन्हाळ्यात गाडी कित्येक महिने उभी राहते. या काळातही महिन्यातून एकदा हीटर पेटवून पंधरा मिनिटे चालवावा, म्हणजे पंपातील डिझेल चिकट होत नाही. दिवाळीनंतर पुन्हा डोंगराकडे निघण्यापूर्वी गाडीखाली वाकून दोन्ही नळ्यांची तोंडे विजेरीने पाहावीत. पावसाळ्यात कुंभारमाशीला असल्या नळ्या घरट्यासाठी फार आवडतात, आणि तिचे मातीचे बूच बाहेरून सहजी दिसत नाही.